बाहीवरचे मोर

वडगाव, बेळगाव
रविवार

तीर्थरूप सौ. नागुबाई आक्कास,

धाकटा भाऊ यमनाप्पा याचं डोकं तुझ्या पायावर. (वरचे केस गेले, पण डोकं जुनंच आहे, ओळखशील.) इकडं सगळे खुशाल. तुझी भावजय अंबूबाई हिचा गुडघा आहे तसाच आहे, माझी साखर डॉक्टरांना आवडत नाही पण मला तिची सवय झाली आहे, आणि दोन्ही माग चालू आहेत. दाजींचा खोकला कसा आहे? त्यांना सांग, माणूस तंबाखूच्या वखारीतून रिटायर झाला तरी खोकला रिटायर होत नसतो. पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर बोलायला लागलं की तू 'थांब, स्पीकरवर टाकते' म्हणतेस आणि मग निपाणीतली निम्मी गल्ली ऐकते. शिवाय तू मला मध्येच तोडतेस. पत्रात ती सोय नाही, म्हणून कागद घेतला.

आधी तक्रारीचा निकाल लावतो. मागं एकदा निपाणी स्टँडवर थांबलेल्या बेळगाव गाडीत, मांडीवर मोठं खोकं घेऊन बसलेल्या मला तुझ्या शेजारच्या मालुबाईनं बघितलं, हे खरं आहे. तिला बघून मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, हेही खरं आहे. (वर्तमानपत्र शेजारच्या माणसाचं होतं आणि तो ते अजून वाचत होता, त्यामुळं तिकडंही थोडं बोलणं झालं.) भाऊ दारावरून गेला आणि घरात आला नाही, असं तू अंबूबाईला फोनवर म्हणालीस. खुलासा असा, की मी तुझ्यावर रुसलो होतो. रुसलेला माणूस चहाला आला तर रुसव्याला काय किंमत राहिली?

रुसायचं कारण तुला माहीत आहे, पण तुझ्या तोंडून ते कसं ऐकू येतं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो. तुझ्या प्रियदर्शनीचं लग्न ठरल्याचं कळलं आणि मी मागावर पिवळा ताणा चढवला. मामाची साडी नेसूनच मुलगी अक्षतेला उभी राहते. आई राहिली, तू राहिलीस, त्यात विचारायचं ते काय? साडी मागावरून उतरत आली आणि तुझा फोन आला. "तू काय तरास घिऊ नको रं यमनाप्पा, पोरींची आवड आता निराळी असतीया." मग तू फोन मुलीकडं दिलास, आणि तिनं मला प्रेमानं समजावलं, "मामा, आता ब्लाउज आधी ठरवत्यात, साडी मागनं बघत्यात." कोल्हापुरात तिनं बाह्यांवर मोर भरलेला एक ब्लाउज बघितला आहे, साडी त्याला शोभेल अशी तिथंच घेणार, आणि मामाची साडी पूजेला ठेवणार. मी 'बरं' म्हणालो. आक्का, मला फार वाईट वाटलं. एवढं एकदा सांगून पुढं जातो.

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, मग हिशेबानं विचार केला. मुलीचं साडीशी वैर नाही, तिला मोर पाहिजेत. साडीबरोबर मी ब्लाउजपीस विणलंच होतं. त्यावर मोर भरून दिले तर ती साडी पूजेवरून उठून अंगावर येईल. लगेच बाजारात एका कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्याकडं गेलो. त्यानं माझं कापड बघितलं नाही, कॅलेंडर बघितलं, आणि लग्नसराई संपली की या म्हणाला. लग्न संपल्यावर लग्नाचा ब्लाउज, हे काही मला पटलं नाही. घरी येऊन ही गोष्ट सांगितली तशी आमची सून मंजुश्री म्हणाली, "आप्पा, मग मशीनच घेऊया की. पुढं मला पण ऑर्डरी घेता येत्यात." ती बरेच दिवस या संधीची वाट बघत होती हे मला नंतर कळलं. (अंबूबाईला आधीपासून माहीत होतं. या घरात मला सगळं नंतर कळतं, आणि तेच बरं असतं.)

मग आम्ही मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसलो. एकूण एक मशीन 'घरगुती वापराला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उत्तम' होतं. एक हिंदी बोलणारी बाई ज्या मशीनला डोक्यावर घेत होती, त्यालाच दुसऱ्या व्हिडिओत एक गृहस्थ शिव्या देत होते, आणि दोघंही शेवटी घंटी दाबा म्हणत होते. मी दाबून टाकली. तेव्हापासून पहाटेसुद्धा मोबाइल मला भरतकामाची बातमी देतो. एवढं बघून अक्कल आली ती इतकीच, की दुकानात जाऊन हात लावल्याशिवाय काही कळत नाही.

दुकानदार चांगला माणूस. आधी "बर्री, बर्री" करून कन्नडमध्ये आत बोलावलं, माझं कन्नड ऐकून हिंदीत आला आणि किंमत सांगायच्या वेळी मराठीत. आपल्या खिशाला झेपणारं मशीन त्यानं फडकं झटकून पुढं ठेवलं. दिसायला देखणं होतं, पण त्याची चौकट तळहाताएवढी. भरतकाम जेवढं व्हायचं तेवढं त्या चौकटीत. सगळा जन्म साडीच्या लांबीत गेलेला मी माणूस. मी विचारलं, यात मोर कसा बसायचा? तो म्हणाला, मान बसते. पिसारा नंतर चौकट सरकवून जोडायचा. म्हणजे मोर हप्त्यानं, पहिला हप्ता मानेचा. मोठ्या चौकटीचं मशीन होतं, पण त्याची किंमत ऐकून अंबूबाई उठून पंख्याखाली जाऊन उभी राहिली. दुसरी गंमत म्हणजे मशीनला सुई एकच. निळा दोरा संपला की ते थांबतं, शिट्टी मारतं, आणि माणसानं उठून हिरवा दोरा ओवायचा. याला ऑटोमॅटिक म्हणतात. मागावरचा गडी तरी शिट्टी मारत नाही.

एवढं होऊन मोर मशीनच्या पोटात नसतोच. तो सॉफ्टवेअरमध्ये वेगळा करायचा, आणि ते सॉफ्टवेअर मशीनपेक्षा महाग. (बैल स्वस्तात मिळाला, कासरा सोन्याचा.) दुकानदारानं आमचे चेहरे बघून एक पेनड्राइव्ह काढला, म्हणाला यात हजारो डिझाइनं आहेत, फुकट घ्या. मंजुश्रीनं तिथंच लॅपटॉपला लावून बघितली. टेडी अस्वलं, नांगर टाकलेली जहाजं, बर्फातली झाडं. शोधून शोधून एक मोर सापडला, त्याच्या गळ्यात मफलर होता. प्रियदर्शनी मे महिन्यात मफलरवाला मोर घालून उभी राहिलेली मला दिसली आणि मी पेनड्राइव्ह परत केला.

शेवटी मंजुश्रीनं मोबाइलवरच कागलच्या गुणाबाई नावाच्या बाईंची जाहिरात शोधली: वापरलेलं मशीन, चौकट वहीएवढी, किंमत आपल्या आवाक्यातली. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला गेलो. बाई मोकळ्या स्वभावाच्या. मी दुकानदारासारखं खोदून विचारलं, का विकताय, बिघडलंय का? त्या म्हणाल्या, "मशीनला काय बी झालं न्हाय. मलाच बसवंना झालंय. नातवाच्या दुपट्यावर एक हत्ती काढला, तेवढ्यात माझी हौस फिटली." हत्ती आणून दाखवला. सोंड बरी होती. मी समोर सुई चालवून घेतली, चौकट मोजली, आणि खोकं घेऊन गाडीत बसलो. ते हे खोकं, जे मालुबाईनं बघितलं. त्यात तुझ्याच मुलीचा ब्लाउज होता असं म्हण, मशीनच्या रूपात.

मशीनच्या पडद्यावर मराठी नाही आणि कन्नडही नाही. आपल्याकडं ज्या प्रश्नावर मोर्चे निघतात, तो त्या कंपनीनं दोघांनाही इंग्रजी दाखवून एका बटणात मिटवला आहे. सॉफ्टवेअर मंजुश्रीनं फुकटातलं उतरवून घेतलं. ते लोकांनी लोकांसाठी केलेलं आहे म्हणे, त्यामुळं अडलं तर विचारायला कुणी नाही. पहिल्या खेपेला टाके एवढे दाट पडले की फडकं पापडासारखं कडक झालं आणि सुई मोडली. दुसऱ्या खेपेला कापडाखाली जाड कागद लावायचा राहिला आणि सगळं चुरगळून गोळा झालं. मग हळूहळू तिचा हात बसला. मोर मात्र मी काढायचा, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. आयुष्यभर साडीच्या काठाची डिझाइनं चौकडीच्या कागदावर मी काढली आहेत, मोर काय मला नवा? मी कागदावर घर न् घर भरून एक मोर काढला, तिनं त्याचा फोटो घेतला आणि वर टाके बसवले. मला विचारलंही होतं, "आप्पा, ह्येचं तोंड बाहीवर पुढं यायला पायजे न्हवं?" मी म्हणालो, मी काढलाय तसाच घाल, एक घर इकडचं तिकडं करू नकोस. माझ्या टॉवेलवर आधी काढून बघितला. इतका सुरेख आला की मी तो टॉवेल घेऊन तीन घरं फिरलो.

आता तुला विणकराच्या घरातली म्हणून सांगतो, दाजींना कळायचं नाही. आपल्या मागावर साडी पालथी विणली जाते. सुलटी बाजू खाली, उलटी आपल्या डोळ्यांसमोर. त्यामुळं डिझाइन काढतानाच हात ते फिरवून काढतो. डावीकडं बघणारा मोर पाहिजे असला तर उजवीकडं बघणारा काढतो, आणि साडी उलटली की तो नीट होतो. हे हात आपोआप करतो, मला विचारतही नाही. एम्ब्रॉयडरीचं मशीन सरळ सुलट्या बाजूवर भरतं, उलटायचं काही नसतं. पण पालथे मोर बघायचीच मला सवय, म्हणून टॉवेलवर बघून मला सगळं बरोबर वाटलं. उजव्या बाहीवर मोर भरला. डाव्या बाहीसाठी मंजुश्रीनं एक बटण दाबून तोच मोर फिरवून घेतला. दोन्ही बाह्या झाल्या, अंबूबाईनं ब्लाउज शिवला, हँगरला लावला, आणि बघत उभी राहिली. मग म्हणाली, "अवं, ह्ये दोन्ही मागं का बघाय लागल्यात?"

पुढं बघायचे ते दोन्ही मोर पाठीकडं बघत होते. पुढून बघणाऱ्याला पिसारेच दिसतात, तोंडं नाहीत. मी म्हणालो, बाह्या अदलाबदल करून लाव. ती म्हणाली, बाही पुढच्या बाजूला खोलगट कापलेली असते, उलटी लावली तर मुलीला हात वर करता येणार नाही, आणि लग्नात हार घालायला हात वर करावा लागतो. (माझ्या लग्नात तिनं हार जवळजवळ फेकलाच होता, पण ते असो.) उसवावं तर कापडाची चाळण होते. दुसरं पीस विणावं तर पिवळा ताणा संपला, मागावर आता जांभळा आहे. मंजुश्रीनं फक्त ते फिरवायचं बटण कुठं आहे ते मला एकदा दाखवलं.

तेव्हा आक्का, तू जे म्हणालीस तेच झालं, मी तरास घ्यायला नको होता. प्रियदर्शनीला म्हणावं, कोल्हापूरचा ब्लाउज खुशाल घाल, त्याचे मोर पुढं बघत असणार. आमचा रुसवा संपला आहे. मशीनचं काही वाया गेलं नाही, मंजुश्रीला पहिली ऑर्डर मिळाली, शेजारच्या बाईला माझ्या टॉवेलसारखा टॉवेल पाहिजे. साडी आणि ब्लाउज मंजुश्रीलाच ठेवतो, सणाला नेसेल. लग्नाला आम्ही सगळे आदल्या दिवशी येतो. दाजींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझा भाऊ
यमनाप्पा

ता. क. – मंजुश्रीला ठेवतो असं वर लिहिलंय ते खरं नाही. ब्लाउज प्रियदर्शनीच्या मापाचा आहे, तो मंजुश्रीच्या दंडावर चढत नाही. दिवाळीला मुलगी आली होती तेव्हा तिचा एक ब्लाउज इथं राहिला, तू तो शोधत होतीस, त्यावरून माप घेतलं.

आणखी ता. क. – साडी आणि ब्लाउज पत्राबरोबरच पाठवले आहेत. पिशवी घेऊन येणारी आमची शेजारीण आहे, तिला चहा दे. आता मागणं सांगतो. दिवसभर मुलीनं तिला आवडेल ते घालावं, फोटो त्यातच काढावेत. फक्त अक्षता पडेपर्यंत माझी साडी नेसवशील का? मोर चुकलेत हे मला माहीत आहे. तरी विचारतो.

शेवटचं – हे अंबूबाईनं आत्ता लक्षात आणून दिलं, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. अक्षतेच्या वेळी मुलीच्या पुढं अंतरपाट असतो, समोरून बाह्या कुणाला दिसत नाहीत. आणि तिच्या मागं मामा उभा असतो. तिनं पुढंच बघावं, ती आता तिकडचीच. मोर तेवढे माझ्याकडं बघतील.