पाचव्या गोळीचा निकाल

सांगली, ता. ११ डिसेंबर १९४५.

जे बोलायला हवे होते ते मी सात वर्षे बोललो नाही, याबद्दल आधी क्षमा मागतो. मालमत्तेचे त्यानंतर.

मी पुरुषोत्तम त्र्यंबक मेढेकर, वय सेहेचाळीस, व्यवसाय शिक्षकाचा, मूळचा वाईचा, राहणार सांगली. छातीचा विकार बळावला आहे, परंतु डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आहे ते माझे मलाच, आणि त्याची कायदा दखल घेत नसावा.

एक. राहते घर, त्यातील सामानसुमान आणि पोस्टातील शिल्लक पत्नी सौ. लीला हिला. वाईच्या घरातील माझा हिस्सा धाकट्या भावास देऊ नये, असे मी काल लिहिले होते. वडील गेले तेव्हा त्याने तार न करता पत्र पाठवले, आणि ते मला तेराव्या दिवशी मिळाले. आज ते वाक्य पुन्हा वाचले. तारेसाठी त्याला साताऱ्याला जावे लागले असते, आणि घरात तो एकटाच होता. हिस्सा त्यालाच द्यावा.

दोन. पुस्तके आणि पितळी दुर्बीण शाळेला. दुर्बीण रामगोंडा पाटील यांना द्यावी असे मनात होते, पण ते या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही.

तीन. माझ्या रोजनिश्या लीलेने वाचाव्यात किंवा जाळाव्यात. १९३८ च्या दसऱ्याचे पान मात्र आधी वाचावे. त्या दिवशी मी फक्त 'स्पर्धा पार पडली' एवढेच लिहिले आहे. ते खोटे नाही, पण खरेही नाही.

चार. माझ्या पेटीत तळाशी वर्तुळे छापलेला एक कागद आहे. तो म्हसवडच्या राहीबाई कृष्णात माने यांना द्यावा. कारण असे.

रामगोंडा पाटील तरुणपणी यंत्रविद्या शिकायला जर्मनीत होते. तिथल्या एका खेड्यातली नेमबाजीची रीत त्यांनी इकडे आणली आणि गावाबाहेरच्या खाणीत मंडळ काढले. कागदावर पंचवीस वर्तुळे. मधल्याला पंचवीस गुण, बाहेरच्याला एक. दसऱ्याला जो जिंकेल त्याला रंगीत चित्राची लाकडी फळी मिळे आणि ती तो आपल्या दारावर लावी. गुण मोजण्याचे काम माझ्याकडे होते. माझा हात सावकाश आणि अक्षर चांगले, म्हणून.

त्या वर्षी शेवटच्या फेरीत दोघे उरले: पाटलांचा पुतण्या मदन आणि सरकी काढण्याच्या गिरणीवरचा पहारेकरी कृष्णात माने. प्रत्येकी पाच गोळ्या. मदनचे एकशे तेरा गुण झाले. कृष्णातच्या कागदावर चारच भोके दिसली: तेवीस, चोवीस, बावीस, पंचवीस. पाचवे भोक नव्हते.

आमच्या मंडळाचा दंडक होता की भोक दिसले नाही तरी शून्य लिहू नये. कागद उतरवावा आणि गोळीच्या जाडीची सळई प्रत्येक भोकात घालून पाहावी. एका भोकातून दोन गोळ्या गेल्या असतील तर सळई सैल बसते. मी कागद उतरवला नाही. ऊन होते, लोक ओरडत होते, हे मी पुढे स्वतःला सांगत आलो. खरे कारण असे की गिरणीचा पहारेकरी शंभर पावलांवरून एकाच भोकात दोन गोळ्या घालील, हे माझ्या मनातच आले नाही. मदनची गोळी दिसली नसती तर मी सळई घातली असती.

"पाचवी गोळी कुठं गेली रं? म्हसवडच्या सिद्धनाथाच्या दर्शनाला?" असे कोणी ओरडले आणि सगळी खाण हसली. कृष्णात माझ्याजवळ आला. "आवं मास्तर, येकदा सळई घालून बगा की. गोळी भाईर गेली असती तर माजं मलाच कळलं असतं."

"निकाल झाला," मी म्हणालो.

पुढे गिरणीत त्याला सगळे 'चारगोळ्या' म्हणू लागले. दोन महिन्यांनी मंडळाचे दप्तर आवरताना मी तो कागद काढला आणि पंचवीसच्या भोकात सळई घातली. ती सैल बसली. त्याचे गुण एकशे एकोणीस होते. मी कागद पेटीत ठेवला. आज सांगू, उद्या सांगू, असे करताना तो फौजेत भरती झाल्याचे कळले.

गेल्या वर्षी कृष्णातची पत्नी राहीबाई म्हसवडहून माझ्या दारात आल्या. फौजेचे इंग्रजी पत्र वाचून हवे होते. कृष्णात इटलीत पडला, हे त्यांना मी सांगितले. त्या रडल्या नाहीत. पत्राची घडी घालत म्हणाल्या, "मास्तर, येक इचारू? त्येंची ती पाचवी गोळी खरंच भाईर गेली हुती का वं? भरतीला जाताना बी त्येच बोलत हुते."

मी म्हणालो, "आता त्याचं काय, बाई."

तरी माझ्या मागे तो कागद, बरोबर केलेल्या बेरजेसह आणि माझ्या सहीने, त्यांना पोहोचवावा.

पाच. वरील चार कलमे आज दुपारी साक्षीदारांना वाचून दाखवली. मदन पुतण्या असल्याने रामगोंडा रागावतील असे वाटले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मास्तर, म्हंजे तुमी मेल्यावर तिला कळायचं व्हय?"

"मृत्युपत्र आहे, पाटील. ते तेव्हाच उघडतं."

"आन् तवर ती जगली पायजे. का तिनं बी तुमच्यासाठी थांबायचं?"

दुसरे साक्षीदार, दवाखान्यातले कंपाउंडर जोतीराम, म्हणाले, "डाक्टरांनी यांना परवास बंद केलाय, पाटील."

"मग डाक्टरला न्हाई सांगायचं," रामगोंडा म्हणाले. "मदनच्या दारावरची फळी मी उतरवतो. ते माज्याकडं लागलं. तिच्यापुढं तोंड उघडायचं तेवढं तुमच्याकडं."

मी कलमाची भाषा इतकी जपून का घडवली, हे तेव्हा मला समजले. मी मेल्यावर राहीबाईंना कागद मिळाला असता, पण त्यांना जे काही मला म्हणायचे असेल ते ऐकायला मी नसतो. सबब कलम चार मी रद्द करीत आहे. ते खोडलेले नाही, वाचता यावे म्हणून तसेच ठेवले आहे. बाकीची तीन कलमे कायम.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचले, आणि दोघांच्या देखत सही केली.

पुरुषोत्तम त्र्यंबक मेढेकर
मुक्काम सांगली, ता. ११ डिसेंबर १९४५

साक्षीदार:
१. रामगोंडा आप्पा पाटील
२. जोतीराम सखाराम जाधव

उद्या: सकाळच्या मोटारीने म्हसवडला जाऊन राहीबाईंना समक्ष सांगणे.