पडद्यावरची टेकडी

३ मार्च, सोमवार
पाणलोटाचा नकाशा रंगवून झाला. अख्खं खोरं एका पडद्यावर — ओढे, बांध, एकूण एक शेत. तीव्र उतार तो लाल: तिथे नांगर नाही, फक्त गवत. मध्यम पिवळा, सपाट हिरवा. छान दिसतंय. मग ओढ्याकाठी एक लाल तुकडा दिसला. दादाचं शेत!

तिथे कसला उतार? लहानपणी तिथे चेंडू ठेवला तर जागचा हलत नसे.

४ मार्च
ऑफिसात कोणाला बोलले नाही. नेमकी सख्ख्या भावाच्याच शेतात चूक झाली, यावर कोण विश्वास ठेवेल? मीही ठेवला नसता.

६ मार्च
चूक सापडली. उपग्रह वरून उंची मोजतो, पण जमीन कुठली आणि झाडाचा शेंडा कुठला, हे त्याला कळत नाही. शेताला लागून बाबांनी लावलेली दाट झाडी आहे. बाबा गेले, झाडी वाढत राहिली. ओढ्याचा काठ तिनेच धरून ठेवलाय. उपग्रहाच्या लेखी ती टेकडी! आणि दादाचं शेत म्हणजे टेकडीचा उतार. एकटीच हसत बसले.

साहेबांना दाखवलं. वाकणं ठाऊक नाही म्हणून ऑफिसात त्यांना फूटपट्टी म्हणतात. म्हणाले, मुद्दा पटतो, पण भावाच्या शेताचा रंग बहिणीने बदलायचा नाही. मोजणीवाले जागेवर जातील, मग बघू. मोजणीवाले मोकळे व्हायला महिना तरी लागेल, आणि नकाशा शेतकऱ्यांच्या सभेत लागणार पुढच्या आठवड्यात. राग आला. पण त्यांचं बरोबर आहे.

१३ मार्च
सभेत नकाशा लागला. संध्याकाळी दादाचा फोन. उंटावरून शेळ्या हाकायचा पगार मिळतो का तुला, म्हणाला. हे नेहमीचंच, पण आज स्वतः हसला नाही. नांगरट आत्ता थांबली तर वर्षभर खायचं काय, असं वहिनी मागून विचारत होती.

समजावलं. जमीन सपाटच आहे, झाडीमुळे उतार दिसतो, मोजणी झाली की लाल रंग जाईल, महिनाभर कळ काढ.

"म्हणजे सगळं त्या झाडांमुळे अडलंय?"

हो म्हटलं. मोकळं वाटलं.

१४ मार्च
शेजारच्या खोऱ्याचं काम सुरू. विशेष काही नाही.

१७ मार्च
दुपारी वहिनीचा फोन. दादा परवापासून ओढ्याकाठीच आहे म्हणे, यंत्राची करवत भाड्याने आणलीय. मग त्यानेच फोन घेतला. दमलेला, पण आवाजातला ताण गेलेला.

"झाडी काढली सगळी. जिवावर आलं होतं, बाबांची होती. पण आता बघ तुझ्या पडद्यावर. सपाट दिसेल."

बघते म्हटलं.

१८ मार्च
बघितलं. नकाशातल्या उंचीची माहिती चार वर्षांपूर्वीची आहे — हे त्याला सांगायचं राहिलं.

शेत लालच आहे. आणि पडद्यावर बाबांची झाडी अजून उभी आहे.