साडेचारची गाडी, पाचची सभा

२ डिसेंबर १९६४, सकाळ
नागपूरच्या पेपरचं पत्र आलं. ११ ते १३ अमरावतीले वार्ताहरांचं शिबिर. परदेशातल्या कोण्या संस्थेचा साहेब येऊन राहिला. आपल्यासारख्या नव्या देशांतल्या पेपरवाल्यांले तयार करत फिरते म्हणे. मूर्तिजापुरातून मले अन् बेबीताईले बोलावलं. मले बोलावलं ते शिकवाले, हे उघडच हाय. अठरा वर्षं झाली, सायकलीचं दुकान सांभाळून बातम्या धाडून राहिलो. चौथी शिकलो, पण एक समारंभ सुटू देला नाई.
खाली बारीक अक्षरात लिहिलं, शिबिरात पास होईन त्यालेच नव्या सालापासून तालुक्याच्या वार्ताहराचं कार्ड. एकालेच. ते पोरासोरांसाठी असन.

३ डिसेंबर
बेबीताई मुलींच्या शाळेत मास्तरीण. दोन वर्षांपासून तिले तयार करून राहिलो. म्हणजे मी सांगतो, ती लिहिते. अक्षर चांगलं. एकच खोड, जाऊन पाहाते. आज सभेची बातमी लिही म्हटलं, तं म्हणे, काका, सभा होऊ तं द्या. तिले समजावलं. सभा पाचले, नागपूरची गाडी साडेचारले, पाकीट गार्डाच्या हातात द्या लागते. सभेची वाट पाह्यली तं बातमी शिळी. अध्यक्ष पत्रिकेत छापला असते. हार घालतच असतात, टाळ्या वाजतच असतात. जाऊन वेगळं काय दिसते?

५ डिसेंबर
निश्चय. विडी बंद. इंग्रजीचे रोज दहा शब्द, साहेबाशी बोलाले. अन् रोजनिशी आदल्या दिवशीच लिहून ठेवाची. बातमीले चालते तं रोजनिशीले काहून नाई?

६ डिसेंबर (५ लेच लिहिली)
विडी ओढली नाई. दहा शब्द पाठ झाले. हलकं वाटलं.

६ डिसेंबर, संध्याकाळ
विड्या चार. शब्द तीन, त्यातले ट्यूब अन् पंक्चर आधीच येत होते. बेबीताईले विचाराले गेलो तं घराले कुलूप, आज ते सारे विहारात. म्हणजे तिच्यामुळे राहिलं.

१० डिसेंबर
कोट काढला. घरवाली मनकर्णा म्हणे, अवो, तुमाले शिकाले बोलावलं का शिकवाले, ते तं नीट वाचा. तिले पेपरातलं काई समजत नाई. भाकर-ठेचा बांधून देला. ठेचा झाक होता.

११ डिसेंबर, अमरावती
मले शिकणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. गर्दीत गफलत झाली असन. छातीवर टाचणीनं चिठ्ठी, शिबिरार्थी. कोटाले भोक पडलं.
साहेब लंबा माणूस, डिसेंबरात घाम पुसते. कॉलेजचे शेषराव प्रोफेसर त्याचं मराठी करतात. साहेब म्हणे, बातमीले पाच प्रश्न विचारा. कोण, काय, कुठं, केव्हा, काहून. म्या उठून सांगतलं, आमच्याकडे पाचही पत्रिकेतच भेटतात. शेषरावांनी त्याचं इंग्रजी केलं. साहेब लय वेळ मले पाहात राहिला. छाप पडली.

१२ डिसेंबर
दिवसभर एकच, आपल्या डोळ्यानं पाहा. एवढ्यासाठी समुद्र ओलांडून आला. बेबीताईनं अर्धी वही भरवली.
उद्या परीक्षा. बडनेऱ्याच्या पुढं पिंपळगाव. सकाळी दहाले तिथं उपमंत्र्याच्या हातून नळाचं उद्घाटन. जा, पाहा, चारले बातमी द्या. म्या फक्त पत्रिका मागून घेतली. बेबीताई म्हणे, काका, चाला ना, सोबत होईन. म्हटलं, तू जा पोरी, शिकणाऱ्यानं जावं.

१३ डिसेंबर (१२ लेच लिहिली)
सगळ्यात आधी माझी बातमी तयार. एक कागद दुपारच्या गाडीनं नागपूरले धाडला. साहेबानं साऱ्यांपुढं माझाच कागद वाचाले लावला. कार्ड पक्कं.

१३ डिसेंबर, संध्याकाळी पाच
माझाच कागद पहिले वाचाले लावला, हे खरं निघालं. वाचलं. उपमंत्र्यांनी तोटी फिरवताच स्वच्छ पाण्याची धार लागली, आयाबायांचे डोळे भरून आले. साहेबानं शेषरावांमार्फत विचारलं, धार किती जाड होती. म्या अंगठा दाखवला.
मंग बेबीताईले उठवलं. उपमंत्र्याची मोटार रस्त्यातच बंद पडली, ते आलेच नाईत. सरपंचानं तोटी फिरवली. हवा आली, मंग एक पाल आली. चौतीस बाया घागरी घेऊन एक वाजेपर्यंत उभ्या, मंग जुन्या विहिरीवर गेल्या. केशरबाई नावाची बाई म्हणे, तोटी मजबूत हाय, घागर टांगाले कामी येईन. सारे हसले. साहेब हसला नाई. त्यानं केशरबाईचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं.
चूक उपमंत्र्याची हाय. पत्रिकेत नाव छापलं तं यावं माणसानं.
नागपूरचा कागद परत मागवाले टेशनवर गेलो. गाडी वेळेवर सुटली होती. आजच नेमकी.

१५ डिसेंबर
छापून आली. पहिल्या पानावर. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

१८ डिसेंबर
दुरुस्तीही पहिल्याच पानावर. सरपंचाचं पत्र, खाली पेपरची दिलगिरी, मधात माझं पूर्ण नाव. मनकर्णानं त्याच पेपरात मिरच्या बांधल्या. म्हटलं, दुसरा नव्हता? म्हणे, हाच हाती आला.

१ जानेवारी १९६५
कार्ड बेबीताईले भेटलं. शेवटी तयार कोणं केली? ती दुकानात येऊन पाया पडली. म्हणे, काका, तुमी सांगत नसते तं मी लिहाले लागलीच नसती. हे तिनं साहेबासमोर सांगाले पायजे होतं. तिच्या सायकलीत हवा भरून देली.
नत्थुजी मास्तर म्हणतात, दहा तारखेले शाळेच्या पटांगणात तुमचा सत्कार करू. मी नको म्हटलं. वेळ चारची ठरवली.

९ जानेवारी
सत्काराची बातमी लिहून बेबीताईजवळ देली. अलोट गर्दी, सत्कारमूर्तीचा कंठ दाटला वगैरे. तिनं वाचली, घडी घातली, म्हणे, काका, झाल्यावर लिहीन. मनकर्णाले चाल म्हटलं. म्हणे, मले काम हाय, तुमचे हार तुमीच पाहा.

१० जानेवारी (९ लेच लिहाले घेतली)
अलोट
खोडलं. उद्या पाहू.

१२ जानेवारी
बातमी आली. तीन ओळी. मूर्तिजापूरचे जुने वार्ताहर जानराव यांचा सत्कार झाला. अकरा जण हजर होते.
म्या स्टेजवरून दोनदा मोजले होते. अकराच. बरोबर लिहिलं म्हणून शाबासकी द्याले शाळेत गेलो. तिनं वही काढून नावं वाचली. चहावाला त्यात नव्हता. तो कप न्याले आला होता, त्याले धरून म्या अकरा केले होते. मंग तुयं अकरावं कोण, विचारलं.
मनकर्णाकाकू, म्हणे. कुंपणाच्या बाहेर लिंबाखाली उभ्या होत्या. हार घालेपर्यंत होत्या.
घरी येऊन विचारलं, तू आली होती का? चुलीपुढून मान वर न करता म्हणे, कार्डवालीले विचारा.