निपाणीची मुलगी, कोल्हापूरचा फॉर्म

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२४ जुलै २०२५

ती. आक्कास,
बाळासोचा शि. सा. न. वि. वि.

पंधरा दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. दहावी झाल्यावर तुझ्या संयोगिताला निपाणीहून इकडं मीच आणलं. मामाकडं शिकली की महाराष्ट्राच्या मेडिकलचा फॉर्म आपोआप होतो, असं छाती ठोकून सांगितलं. बारावी इथली, पण दहावी कर्नाटकातली, म्हणून राज्याच्या जागांतून तिचं नाव वगळलं. देशभराच्या जागांना तिचे मार्क पुरत नाहीत. कर्नाटकचा फॉर्म आपण भरलाच नाही. निपाणी दुसऱ्या राज्यात आहे, हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात असतं? चूक माझी, कबूल.

पण आक्का, सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी काही जागा वेगळ्या राखून ठेवलेल्या असतात, हे मला काल कळलं. निपाणीचा रहिवासी दाखला हवा, आणि मातृभाषा मराठी असल्याचा शाळेचा दाखला. मुदत पुढच्या गुरुवारपर्यंत. पोरगी धड जेवत नाही. राग माझ्यावर काढ, कागद तिला दे.

रागातही थोडी माया शिल्लक ठेव.
तुझा
बाळासो


निपाणी
२८ जुलै २०२५

चि. बाळासोस,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

शेजारचा ज्ञानू उद्या सकाळच्या एसटीनं येतोय. दोन्ही कागद त्याच्याजवळ दिलेत. चौकशी न करता छाती ठोकायची तुझी सवय लहानपणापासूनची आहे, तिचाच राग आला होता.

शाळेचा दाखला जपून ठेव. पहिलीत नाव घालताना मामंजींनी मास्तरांना सांगितलं, मातृभाषा कन्नड लिवा, पुढं नोकरीला बरं पडंल. मी तिथंच अडून बसले, की पोरगी माझ्यासंगं मराठी बोलतीय, मराठीच लिवा की! मामंजी दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. त्या मानानं तुझे पंधरा दिवस काहीच नाहीत. पोरीला पोटभर जेवायला घाल.

मोठी बहीण आहे, विसरू नकोस.
आक्का


कोल्हापूर
२० ऑगस्ट २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

कागद तपासणारे साहेब मातृभाषेच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले होते, हे नसतं तर फॉर्म परत गेला असता. आज यादी लागली आणि लगेच तुला फोन केला. पहिल्याच रिंगला उचललास. पण मी बोलायच्या आत संयोगितानं रडत रडत फोन ओढून घेतला. माझं सांगायचं राहिलं ते आता लिहितो. आक्का, सरकारी कॉलेज मिळालं. तुझी पोरगी डॉक्टर होणार.

अशीच अडून बसत जा, आणि फोन उचलत जा.
तुझा
बाळासो