जलंबच्या गाडीतला ओळंबा

खामगाव, १२ जानेवारी १९६४

तीर्थस्वरूप रामरावमामांस, उत्तमचा शिरसाष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता कसा आहे? तुमचा नारळही खुशाल असेल. (तळहातावर उभा राहून जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्या त्या नारळाला मी दिवाळीत थोतांड म्हणालो, ते अजून तुमच्या मनात आहे असं आईनं लिहिलंय. पण मामा, मी विज्ञानाचा विद्यार्थी, खरं बोलावंच लागतं.)

इकडे मी मोठ्या पेचात आहे. आमच्या सरांनी धावत्या गाडीचं त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्यानं वाढतो ते, मोजून आणायला सांगितलं. वहीवर त्यांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. (सर स्वतः हा प्रयोग वीस वर्षं खुर्चीत बसून शिकवतात.) म्हणून गवंड्याचा ओळंबा मागून आणला, जलंबच्या गाडीत सामानाच्या फळीला टांगला आणि कोनमापक धरून बसलो. गाडीनं वेग घेतला की ओळंबा मागे झुकतो, ब्रेक लागला की पुढे. जितका झुकेल तितकं त्वरण, एवढंच शास्त्र.

समोर भगवानराव नावाचे एक शेतकरी बसले होते. ते म्हणाले, "काऊन बे, पानी पाहून राह्यला का?" ॲक्सिलरेशन त्यांना कळणार नाही म्हणून मी शुद्ध मराठीत सांगितलं, त्वरण पाहतोय. ते म्हणाले, "झरन? मंग पानीच झालं न." तेवढ्यात जलंब आलं, ब्रेक लागला, ओळंबा पुढे झुकला. त्याच दिशेला, स्टेशनाच्या पुढे लागूनच त्यांचं वावर. उतरायचं सोडून ते माझ्याबरोबर त्याच गाडीनं परत निघाले. गाडी सुटताना ओळंबा मागे झुकला, म्हणजे पुन्हा वावराकडेच. "जातानी बी तिकडंच, येतानी बी तिकडंच," असं त्यांनी सगळ्या डब्याला सांगितलं. मी कागदावर आकृती काढून समजावलं, ती त्यांनी विहिरीचा नकाशा म्हणून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी खोदकाम सुरू.

सरांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले, भगवानरावांना अडाणी म्हणाले आणि माझी वही परत केली. माझं उत्तर गेल्या वर्षीच्या मुलांच्या उत्तराशी जुळत नाही, म्हणून सही नाही. (गेल्या वर्षीची मुलं गाडीत बसलीच नव्हती.) असो. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
उत्तम

ता. क. पत्र टपालात टाकायचं तीन आठवडे राहून गेलं. भगवानरावांच्या विहिरीला पंधरा हातांवर पाणी लागलं. त्यांनी मला शेला पांघरला.

ता. क. २. काल सर खोलीवर आले होते. त्यांनी घरासाठी जागा घेतलीय, तिथं विहीर खणायचीय. रविवारी ओळंबा आणि वही घेऊन ये, मी पेन घेऊन येतो, म्हणाले. आता मामा, त्या जागेवर गाडी नाही, ओळंबा झुकणार कसा? दिवाळीतला माझा शब्द मी मागे घेतो, मनापासून घेतो. शनिवारच्या एसटीनं नारळ घेऊन निघा. सरांना मात्र मी तुम्ही माझे प्रयोगातले मदतनीस असं सांगेन, तेवढं मनाला लावून घेऊ नका.