काठीला बांधलेला शर्ट

प्रिय स्टेफी,

नाताळला तळलेले पिठाचे फुगे कडक झाले, पप्पांनी चहात बुडवून संपवले. तुझ्या नावाचा एक मी अजून डब्यात ठेवलाय. वेडी म्हण हवं तर. अंगणात बोंबील वाळत घातलेत नि मांजर खाली टपून बसलंय. त्याला हाकलायला तू न्हायस, म्हणून ते मलाच डोळे वटारून बघतं. घरात करमत नाही बाय. चर्चमध्ये मिस्साला बाकावर तुझी जागा धरून बसते, कोणी सरका म्हटलं की राग येतो.

खरं सांगू, मी तुझ्यावर चिडले होते. आधी दर फोनला सुकट मागायचीस, मग एकदम पाठवू नको म्हणालीस. बोलणंही तोडकं झालं. नाताळलाही आली नाहीस. मला वाटलं, विद्यापीठाच्या होस्टेलात गेली नि पोरीला आपल्या मासळीच्या वासाची लाज वाटायला लागली. मीपण कोळीण! म्हटलं, नको तर नको, आम्ही काय पाया पडतोय? पण भाईंदरच्या बाजारात टोपली घेऊन बसले नि समोरून एखादी कॉलेजची पोर गेली, की गिऱ्हाईक काय विचारतंय ते ऐकूच यायचं नाही.

परवा तुझी रूममेट मिनल आली. सुट्टीला भाईंदरच्या इंद्रलोक भागात आई-बाबांकडे आली होती, तिथून विचारत विचारत उत्तनला आपल्या घरी पोचली. पोटभर जेवली नि हात धुताना रडायला लागली. तू कॉलेज सोडायचं ठरवलंयस, हे तिने सांगितलं. का, तेही सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्या वर्गातला तो पोरगा, ज्याला तू जीव लावलास, तोच आता तुझे फोटो सगळ्यांना पाठवीन म्हणून धमकावतो. घरी जाऊ देत नाही, कोणाशी बोलू देत नाही. आणि तू म्हणे आमची मान खाली जाईल म्हणून गप्प बसलीस. अगं मेले! मान जायची तर त्याची जाईल. तू कोणाची चोरी केलीस? विश्वास टाकलास. त्यात तुझं काय चुकलं?

पप्पांनी ऐकलं नि आधी कोयता शोधायला लागले. तो मी टोपलीखाली लपवला. मग ते ओट्यावर बसले, आणि तू लहानपणी सारखी सांगायला लावायचीस ती गोष्ट त्यांनी मलाच सांगितली. भर दर्यात इंजिन बंद पडलं, तेव्हा त्यांनी अंगातला शर्ट काढून काठीला बांधला नि वर धरला. आली कोणाची होडी? पास्कूकाकांची! घराच्या वाटणीवरून ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांची. दर्यावर असा शर्ट दिसला की इंजिन का बंद पडलं, चूक कोणाची, हे कोणी विचारत न्हाय. आधी दोर टाकतात. तू दर वेळी विचारायचीस, पप्पा, उघड्या अंगाची लाज नाही वाटली? ते म्हणायचे, लाजलो असतो तर तुला खांद्यावर कोणी बसवलं असतं?

आता हे सगळं कागदावर का, ते सांगते. तुझा फोन तो उघडून बघतो, असं मिनल म्हणाली. म्हणून ही चिठ्ठी तिच्या हातात देतेय. शनिवारी सकाळी मी नि पप्पा तुमच्या होस्टेलच्या गेटसमोर उभे असू, सुकटीची पिशवी घेऊन. येऊ दे वास! तुमच्याकडे अशा तक्रारी ऐकणारी समिती आहे, मन मोकळं करायला एक मॅडमही आहेत, मिनलने सगळं विचारून ठेवलंय. पोलिसांत जायचं तर तिकडे जाऊ, नाहीतर इथल्या ठाण्यात, तक्रार इथेही घेतात. त्याचे मेसेज तेवढे पुसू नकोस. पण जायचं की न्हाय, नि कधी, हे तू ठरवायचंस. मी ढकलणार नाही, तुझ्या बाजूच्या खुर्चीत बसेन फक्त. तुमची खिडकी गेटवरून दिसते म्हणे. खाली उतरायचा धीर झाला नाही, तर तुझी ती लाल ओढणी गजाला बांध. आम्ही वर येतो. कोणी काही विचारणार न्हाय.

तुझीच,
मम्मी