गाडीचं नाक

४ फेब्रुवारी

चि. सौ. छकुलीस, दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. तुझी लेक ठिणगी आणि मी सुखरूप पोचलो. फोन लागत नाही म्हणून घाबरू नकोस. इथे फाटकावरच फोन काढून घेतात. शर्यतीची गुपितं फुटतात म्हणे. म्हणून हे पत्र.

संघ नवाकोरा आहे. तीन महिन्यांपूर्वी या शेडमध्ये सिमेंटच्या गोण्या होत्या. अजून शिंक आली की राखाडी येते. आता दोन लाल गाड्या आहेत, त्यातली एक ठिणगी चालवणार, चकचकीत हत्यारं आहेत, आणि पोरांच्या शर्यतीत एवढा पैसा ओततंय कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. मालकाला सगळे साहेब म्हणतात. पांढऱ्या मोटारीतून येतात, काच अर्धी खाली करतात, जातात. कारभार पैलवान नावाच्या एका आडदांडाकडे. माझ्या आधीच्या मेकॅनिकचा जबडा मोडला. जिन्यावरून पडला, असं पैलवान सांगतो.

गाड्या मात्र जुन्या. खरवडून पाहिलं: लालाखाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा. म्हणजे संघ तिसरा, गाड्या त्याच. आणि नाकात कुण्या महाभागाने लोखंडी पट्ट्या घातल्यात. नाक हे धडकेत चुरगळण्यासाठीच असतं. ते चुरगळलं की धक्का तिथेच मरतो आणि आतलं माणूस वाचतं. हे मला कुठल्या कॉलेजने शिकवलं नाही, ठोकरलेल्या गाड्या उघडून उघडून मी शिकलो. पिवळा रंग वेल्डिंगच्या ओघळांवरून गेलाय, म्हणजे पट्ट्या पहिल्या संघापासूनच्या. कुणाला न विचारता मी दोन्ही गाड्यांतल्या कापून काढल्या आणि पातळ पत्र्याच्या, घड्या पाडलेल्या पेट्या बसवल्या. बाहेरून काही कळत नाही. चुकीचं काम नजरेसमोर राहिलं की मला घास उतरत नाही, तुला माहीतच आहे.

प्रकृतीला जप. या थोरल्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. नाकपुराण वाचून करमणूक झाली, पण जबड्याचं वाचून हातातला चहा सांडला. मी ड्रेसिंगच्या वॉर्डात आयुष्य काढलंय. जिन्यावरून पडलेल्याचा जबडा कसा मोडतो आणि मारलेल्याचा कसा, हे मला शिकवू नकोस. तू एक नट दहादा तपासतोस आणि आपल्याला पोसतंय कोण, हे एकदाही विचारत नाहीस. धन्य आहेस.

ठिणगीला गाडी चालवायची हौस तुझ्या खांद्यावर बसून लागली. आता तुझ्याच खांद्यावर तिला परत आण. तिच्या वडिलांना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्यांना कळलं तर ते तिथेच येऊन धडकतील.

रागावले तरी तुझीच आहे, हे विसरू नये.
छकुली

२१ फेब्रुवारी

चि. सौ. छकुलीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं म्हणणं खरं निघालं. हे पत्र दूधवाल्याच्या हाती चोरून देतोय.

काल सरावाच्या शर्यतीत आमच्या दुसऱ्या गाडीच्या मुलाने पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर दुसऱ्या संघाच्या निळ्या गाडीमागे ब्रेक लावला. कुणीही शहाणा लावील. परत आल्यावर पैलवानाने त्याचंच हेल्मेट त्याच्या तोंडावर हाणलं, तो पडेपर्यंत, आणि पडल्यावरही. मी मध्ये गेलो तर मला कोपरखळी अशी बसली की श्वास घेताना बरगडी बोलते. फरशीवर दात पडले होते. स्टोअरकीपरने ते केराच्या सुपलीत भरले, जसे काही वॉशर.

त्यानेच मला सगळं सांगितलं. साहेबांचा एकुलता एक मुलगा पहिल्या, पिवळ्या संघात होता. टाकीच्या भिंतीवर आदळून गेला. मागून ढकलणारा मुलगा म्हणजे आजचा निळ्या गाडीवाला. चौकशीत तो सुटला. तेव्हापासून साहेब संघ उभा करतात तो त्याला त्याच वळणावर ठोकायला. जमलं नाही की संघ मोडतात, नवा रंग, नवं नाव. पैसा दुसऱ्या कुणाचाच नाही. बापाचं दुःख आहे ते.

आता पाळी ठिणगीची. रविवारी त्या वळणावर ब्रेक लावायचा नाही, निळ्या गाडीच्या कुशीत घुसायचं, असं तिला बजावलंय. फाटकाला कुलूप आहे. आयोजकांना सांगावं तर पैलवान आंघोळीच्या वेळीही आमच्या दारात उभा. मी पोरीला सांगितलंय की ब्रेक वेळेवर लाव, पुढचा मार मी खाईन. तिने मान डोलावली.

काळजी करू नकोस म्हणण्याचा तोंडदेखलेपणा करत नाही. आठवण ठेव.
दादा

२४ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

पाकिटावर होता त्या दूधवाल्याच्या पत्त्यावर तातडीच्या टपालाने हे पाठवते आहे. एक नट सैल ठेव. गाडी सुरूच होऊ देऊ नकोस. जन्मात एकदा तरी काम वाईट कर, माझ्यासाठी. मी इथून निघाले आहे, पण गाड्या बदलत मला सोमवार उजाडेल. बाकी काही सुचत नाही.
छकुली

सोमवार, सकाळ

चि. सौ. छकुलीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. अक्षर ठिणगीचं, शब्द माझे. तू इस्पितळात पोचशील तेव्हा औषधाने मी झोपलेला असेन, म्हणून हे उशाशी ठेवायला सांगतो.

नट सैल ठेवता आला नाही. पैलवान मानेवर श्वास सोडत उभा होता. आणि खरं सांगू, हातालाही ते जमलं नसतं.

टाकीच्या वळणावर आपली गाडी निळीच्या कुशीत गेली. नाक घडीघडीने मिटलं आणि पोरीच्या गुडघ्यांच्या वीतभर अलीकडे थांबलं. निळ्या गाडीवाल्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, पण चालत बाहेर आला. पोरीने ब्रेक दाबलाच असणार. रस्त्यावर टायरचा काळा ओरखडा दिसला नाही खरा. तेल सांडलं असेल.

शेडमध्ये साहेब पहिल्यांदाच मोटारीतून उतरले. मिटलेल्या नाकात हात घालून पट्ट्या कुणी काढल्या ते विचारलं. गप्प बसता आलं असतं. पण त्या कामाला दुसऱ्या कुणाचं नाव लागलेलं मला सोसलं नसतं. मी म्हणालो, मी.

पैलवानाने माझा उजवा हात लोखंड पकडायच्या शिकंज्यात घातला आणि दांडा फिरवला. बोटं मोडताना वाळक्या काटकीसारखी वाजतात, हे खोटं. ओल्या फांदीसारखी वाजतात. मी ओरडत ओरडतच सांगितलं की त्या पट्ट्यांनी नाक वाचतं आणि आतलं पोर मरतं. पिवळ्या रंगाखाली त्या ज्याने घातल्या, त्याचा हात धरा.

साहेबांनी पैलवानाला थांबवलं. विचारलं, माझ्या हातचं नाक असतं तर भिंतीवरही त्यांचा पोरगा वाचला असता का. खोटं बोलायचं मनात आलं. पण समोर ठिणगी धडधाकट उभी होती. मी हो म्हणालो. ते इतकंच बोलले की पट्ट्या त्यांनीच घालून घेतल्या होत्या, पोराला काही होऊ नये म्हणून.

मग त्यांनी घण उचलला. मला वाटलं, संपलो. ते गाड्यांवर तुटून पडले. हातांतून रक्त निथळलं तरी थांबेनात. शेवटी पेट्रोल ओतून पेटवून दिल्या. पैलवान त्यांना मागून धरून लहान मुलासारखा रडत होता. शिकंजा ठिणगीने उघडला.

आता बोटांचं काय ते तू बघ. टाके तिरपे घातलेत, मला पटलेले नाहीत.

आलीस की भांड, पण लोभ आहे तेवढाच ठेव.
दादा

आई, हे मामा सांगत नाहीये, माझं मी लिहितेय. पैलवान म्हणाला होता, ब्रेक लावलास तर मामाचे हात तोडीन. मी ब्रेक लावला नाही.